आमचे पहाटेचे साडू

पहाटे उठणाऱ्या माणसांनी या जगाला जेवढं छळलंय, तेवढं चोर-दरोडेखोरांनीही छळलं नसेल. आणि त्या पहाटवाल्यांचे सेनापती म्हणजे आमचे साडू. चोराची निदान आपण झोपून राहावं अशी मनापासून इच्छा तरी असते.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान उरणकडची बंदरातली नोकरी संपवून नवीन पनवेलला आले, ते नेमके आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर. कोन गावाहून भाजी आणणारी मावशी टोपली उतरवते न उतरवते तोच हे पिशवी उघडून उभे. ती वैतागायची, "काका, भाजीला जरा जागी तं होऊ द्या! तुमाला घरात झोप नाय का?" तर हे तिलाच सूर्यनमस्काराचे फायदे सांगत. दिवेलागणीला यांचं जेवण. कोजागरीचं मसालेदूध उजेडातच पिऊन मोकळे. "चंद्राला उशीर झाला, तर तो त्याचा दोष," म्हणायचे. करंजाड्यातल्या एका रिसेप्शनला तर नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आत हे जेवून, आचाऱ्यालाच आशीर्वाद देऊन घरी परतले होते.

इथपर्यंत मीही हसत होतो. मग त्यांनी वजनकाटा आणला.

दर रविवारी आमच्या हॉलमध्ये, पोह्यांच्या आधी, सगळ्या घराचं वजन व्हायला लागलं. साडू चष्मा कपाळावर सरकवून वाकायचे आणि लिलावात बोली लावावी तसा आकडा पुकारायचे. माझी मुलगी मुक्ता तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज सुरू झाल्यापासून तिचं अंग भरत चाललं होतं. साडूंचं निदान तयारच होतं, "सूर्याच्या आधी उठणाऱ्याच्या पोटात अन्न जातं, सूर्याच्या मागून उठणाऱ्याच्या पोटात चरबी!"

मुक्ताचं डोकं रात्रीच्या जेवणानंतर उघडतं. गणितं तेव्हा सुटतात, हसू तेव्हा येतं. सकाळी हलवलं तर नुसतं शरीर उठतं, ती उठत नाही. मला हे पक्कं माहीत होतं, कारण मीही तस्साच आहे. नोकरीपायी जन्मभर सकाळचं सोंग वठवलं, एवढंच.

"असली घुबडं आपल्याकडे कुणी नव्हती. ही गेली कुणावर?" एका रविवारी काट्याशेजारी उभं राहून साडूंनी सगळ्यांदेखत विचारलं. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर लिंबू पिळत म्हणालो, "कुणास ठाऊक."

थोरल्या साडूंचा मान राखायचा, असं मी स्वतःला सांगितलं. मान कसला, भित्रेपणा!

दुसऱ्या दिवसापासून ते तिला पहाटे तळ्यावर चालायला नेऊ लागले. दाराची बेल एकदा लागली, की ती बाहेर येईपर्यंत थांबायची नाही. पोर अभ्यास करून नुकती कुठे आडवी झालेली असायची. तळ्याला फेऱ्या मारून आली की तशीच कॉलेजला. तिथे डोळे उघडे ठेवायला कँटीनमध्ये आधी समोसा, मग क्रीमरोल, मग आणखी काही. एकदा मला म्हणाली, "बाबा, झोप नसली ना, की पोटाला कळतच नाही. भरलंय का रिकामं, काही नाही." मी "हं" म्हणालो. एवढंच म्हणालो!

वजन अर्थातच आणखी वाढलं. साडूंना तो स्वतःचा अपमान वाटला. "चालूनही वर! म्हणजे ही लपून खाते," त्यांनी हॉलमध्ये जाहीर केलं. मुक्तानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून आमच्यासोबत जेवणं सोडलं. ताट खोलीत न्यायची, दार लावून घ्यायची.

पुढच्या रविवारी ती बाहेरच आली नाही. साडू दारावर टकटक करत म्हणाले, "लाजू नकोस, बाळ. आकडा कळला तरच उपाय." आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं माझ्या तोंडून बाहेर पडलं, "ती माझ्यावर गेलीय! तिला झोपू द्या, आणि ते यंत्र उचला माझ्या घरातून!"

बायको चहा ओतता ओतता थांबली. साडूंनी काटा काखेत मारला आणि जिना चढून गेले.

रविवारांमागून रविवार गेले, पण खोलीचं दार काही जेवायच्या वेळी उघडलं नाही. माझा साडूंवरचा राग तसाच धुमसत राहिला. त्यातला निम्मा तरी त्यांच्यावर होता की माझ्यावरच, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात, एरवी त्यांचं पहिलं घोरणं संपलेलं असतं अशा वेळी, साडू शेवग्याच्या आमटीचा डबा घेऊन दारात उभे. "मुक्ता जेवली?"

"आता घेईल."

"मग मीही बसतो तिच्यासोबत."

काका खाली बसलेले पाहून मुक्ताला ताट आत नेता येईना. साडूंच्या डोळ्यांतून पाणी गळतंय, जांभया गिळताहेत, स्वतःच्या मांडीला चिमटे काढताहेत, आणि विचारताहेत, "मग? काय शिकवतात कॉलेजात?" आधी ती तुटक बोलली. मग तिच्या गटानं बनवलेला पूल सगळ्यांसमोर कसा कोसळला, ते सांगायला लागली. हातवारे करून, हसून. पूल कोसळायच्या आतच साडूंची हनुवटी छातीवर कोसळली. बोटं आमटीभातात तशीच.

खरं सांगतो, मला आसुरी आनंद झाला. खांद्याला धरून गदागदा हलवावं म्हणून मी उठलोच.

"राहू द्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "झोपलेल्या माणसाला उठवू नये."

हे वाक्य मी म्हणायला हवं होतं. त्या पहिल्या बेललाच. मी हात मागे घेतला आणि नुसता उभा राहिलो.

"बसा ना," मुक्तानं ताट माझ्याकडे सरकवलं. "आणि थोडा भात वाढा. भूक आहे अजून मला."