उतारावरचं घर

सोलापुरात विजापूर वेशीजवळ राहणारा हाशम ड्रायव्हर सतरा वर्षं मोटार चालवत होता, आणि तो घाटाला भितो ही गोष्ट त्याच्या बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक होण्याचं कारणही नव्हतं. अक्कलकोटला जा, मोहोळला जा, विजापूरकडं जा, जमीन आपली तव्यासारखी सपाट. जवळपास घाट म्हणावा असा एकच, तुळजापूरचा. तिकडच्या फेरीची वर्दी आली की हाशमच्या दाढेत कळ यायची नाहीतर पाहुणे यायचे, आणि ती वर्दी दुसरा कुणीतरी घेऊन जायचा.

उमेदवारीच्या दिवसांत तो दोनदा तुळजापूरहून खाली उतरला होता. तेवढं त्याला पुरलं होतं. उतार लागला की त्याच्या पोटऱ्यांतलं बळ जायचं. पाय ब्रेकवर असायचा, पण तो आपलाच पाय आहे असं वाटायचं नाही.

एकोणीसशे तेहतीसच्या थंडीत सुताचे व्यापारी विरुपाक्षशेट यांनी त्याला पेढीवर बोलावलं. हाशम त्यांच्याकडं चार वर्षं नोकरीला होता. शेटची बायको रुद्राणीअक्का छातीच्या दुखण्यानं वर्षभर अंथरुणाला खिळली होती. क्षय म्हणायला घरात कुणाची जीभ रेटत नव्हती, म्हणून सगळे 'दुखणं' म्हणायचे. आता ती उठून बसायला लागली होती आणि डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. शेटनी रत्नागिरी, मालवण, सगळीकडं ओळखीपाळखीनं पत्रं टाकली. दुखण्याचं नाव कळलं की उत्तर यायचं, जागा नाही. तेवढ्यात एका इंग्रजी साप्ताहिकात शेटना चित्र दिसलं. पुढं मोटार, मागं तिला जोडलेलं चाकांवरचं घर, आणि घराच्या दारात चहा पीत बसलेलं एक जोडपं.

"आपलं घर आपणच नेऊ या की," शेट म्हणाले. "मग कोण कशाला नाही म्हणेल?"

ईरप्पा सुतारानं दोन महिन्यांत ते घर उभं केलं. एका मोडक्या लॉरीचा सांगाडा घेऊन त्यावर सागवानी भिंती, वर पत्रा, सहा खिडक्या, आत दोन पलंग, स्टोव्हची जागा, न्हाणी, आरशाचं कपाट आणि शेटना वाचत बसायला एक वेगळी खोली. लांबी अठरा फूट. बघायला गल्ली लोटायची. लोक हाशमच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हे न्यायला हाशमभाईच पायजे." हाशम हसायचा आणि काहीतरी काम काढून तिथून सटकायचा.

शेटनी पेढीच्या गादीवर नकाशा पसरला. निळ्या पेन्सिलीनं त्यांनी वाट आखली होती: सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि तिथून समुद्राच्या काठाकाठानं खाली दक्षिणेला.

"इथून पुढं समुद्र सारखा उजव्या हाताला राहील," शेट म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "जिथं चांगला दिसेल तिथं मुक्काम. तिला खिडकीतनं दिसला पाहिजे."

"आनि ह्या बारीक रेघा कशाच्या, मालक?"

"खाड्या."

"त्यावर पूल हाय?"

"पूल नाही, होड्यांची तर असते. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात. मोटार त्यावर चढवायची."

हाशमनं रेघा मोजल्या. सात होत्या. मग त्यानं घाटाच्या जागेवर बोट ठेवलं. नकाशावर घाट म्हणजे गांडुळासारखी एक वळवळ होती, नखाएवढी. शेट पुढं बोलत राहिले, पण हाशमला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मोटारस्टँडवर भिमाला गाठायला गेला. भिमा कोल्हापूरकडचा लॉरीवाला, कोकणातून सुकी मासळी आणि नारळ घेऊन दर पंधरवड्याला सोलापुरात यायचा. हाशमनं आपल्या एका मित्राला तिकडं जायचं आहे असं सांगून आंबा घाटाची चौकशी केली.

"लई अवघड न्हाई," भिमा विडी शिलगावत म्हणाला. "एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी. डोंगराच्या अंगानं राहायचं. दोन वळणं मातूर अशी हायती की लॉरी एका दमात वळत न्हाई. थांबायचं, जरा मागं घ्यायची, मग वळवायची."

"मागं काही जोडलेलं असंल तर?"

"काय जोडलेलं?"

"समज, घर."

भिमानं विडी तोंडातून काढली. "तुज्या मित्राला सांग," तो म्हणाला, "रेल्वेनं जा म्हनावं."

हाशम पहाटे होम मैदानावर मोटार आणि घर घेऊन जायला लागला. संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठून गेली होती, मैदान मोकळं होतं. मागं घ्यायचं शिकायला हवं होतं. मोटार उजवीकडं वळवली की घर डावीकडं जायचं. घर सरळ करायला जावं तर ते मोटारीच्या अंगावर दुमडून यायचं. आठ दिवसांनी ते त्याला थोडंफार जमायला लागलं, पण ते सपाटीवर. कडेला दरी असती तर आत्ता आपण कुठं असतो, हे तो दर खेपेला डोळ्यांनी मोजायचा. बहुतेक खेपांना खालीच असायचा.

घरी बायकोला, अजीजाला, वेगळीच भीती होती. मोटारीत त्या बाईच्या शेजारी बसू नका, तिच्या हातचं पाणी पिऊ नका, असं ती रोज बजावायची. हाशमचा सदरा ती आता वेगळा उकळून काढायची.

"घाटातच मेलो तर दुखणं कशाला लागतंय?" तो एकदा म्हणाला. अजीजानं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्या दिवशी तिनं त्याचा सदरा उकळलाच नाही.

निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा ईरप्पानंच विषय काढला. "घर भरून एकदा उतारावर बघाय पायजे. तुळजापूरला जाऊन येऊ." घराच्या मागच्या चाकांना त्यानं लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक बसवला होता. तो आवळायला मागं एका माणसानं बसून दांडा फिरवावा लागे. या वेळी हाशमला दाढही दुखवता येईना, पाहुणेही आणता येईनात.

माणसांच्या आणि सामानाच्या वजनाची म्हणून वाळूची पोती घरात भरून दोघं सकाळी निघाले. निजामाच्या हद्दीवर नाकेदारानं दार उघडून आत बघितलं.

"वाळू?" तो म्हणाला. "तुळजापुरात वाळू न्हाई का?"

ईरप्पानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. चढ ठीक गेला. मोटार तापली, दोनदा पाणी घातलं, इतकंच. वर मोटारीचं तोंड फिरवून हाशमनं पहिला गिअर टाकला आणि उतरायला सुरुवात केली. ईरप्पा मागं दांड्यावर.

पहिलं वळण गेलं. हाशम मागं टेकून बसला, आणि त्याच वेळी पाठीमागून कुणीतरी हलकेच ढकललं. तसंच वाटलं, गर्दीत मागच्या माणसाचा हात लागावा तसं. मग दुसरा धक्का बसला, जरा जोराचा. मग तो हात पाठीवरून निघेचना. घर उतरायला लागलं होतं, आणि मोटार त्याच्या वाटेत होती.

"आवळ, ईरप्पा," हाशम ओरडला.

"आवळलाय की. लाकूड जळतंय."

वास त्याच्यापर्यंत आला. हाशमनं पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला. चाकं थांबली, पण मोटार थांबली नाही. खडीवरून करकरत तशीच पुढं घसरत चालली. समोर वळण, वळणाच्या पलीकडं नुसतं आभाळ. त्यानं काही ठरवलं नाही. हातांनीच सुकाणू डोंगराकडं फिरवलं. मोटारीचं डावं चाक गटारात गेलं, दगडांवर आपटत चार-पाच हात गेलं आणि थांबलं. मागचं घर एकदा आडवं झुललं, त्याच्या पत्र्यानं डोंगराचा कडा खरवडला, आणि तेही थांबलं.

हाशमला खाली उतरता आलं नाही. ईरप्पा येऊन खिडकीशी उभा राहिला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"कुनाला सांगायचं न्हाई," ईरप्पा म्हणाला. "माजं काम वाईट म्हनतील."

हाशमनं मान हलवली. चार बैलजोड्या आणि गावातली माणसं लावून त्यांनी घर खाली आणलं आणि पत्र्याला झाड घासलं असं शेटना सांगितलं.

त्यानंतर हाशम रोज पळवाटा शोधायला लागला. ताप आला म्हणून सांगू, पाय मोडला म्हणून सांगू, विजापूरला भावाकडं निघून जाऊ, असं तो अजीजाला सांगत राहिला. ती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणाली, "तुम्ही गेलात तर ते दुसरा ड्रायव्हर आणतील. त्याला तुळजापूरचं कोण सांगणार आहे?"

निघायला चार दिवस राहिले तेव्हा रुद्राणीअक्कानं त्याला निरोप पाठवला. ती मागच्या ओसरीवर एकटीच बसलेली असायची. तिचं तांब्याभांडं वेगळं, चटई वेगळी. हाशम पायरीवर लांब उभा राहिला.

"झाड कुठल्या गावचं होतं, हाशमभाई?" तिनं विचारलं.

हाशम मागं वळून दाराकडं बघायला लागला.

"ईरप्पाच्या हाताला फडकी होती. झाड घासलं तर हात कशानं सोलतील?" बोलताना तिला मध्ये थांबून दम घ्यावा लागत होता. "मला खरं सांगा. ह्या घरात कुणी मला खरं सांगत न्हाई. बरी हाय म्हणतात, आनि कप उकळून घेतात."

हाशमनं सांगितलं. उभ्याउभ्या सांगायला लागला आणि मध्येच पायरीवर बसला. ढकलणारा हात, जळक्या लाकडाचा वास, वळणापलीकडचं आभाळ. मग आणखी मागचंही सांगितलं, सतरा वर्षांचं, दाढेचं आणि पाहुण्यांचं. "मी घाटाला भितो, अक्का," तो म्हणाला. "तुमाला घेऊन मी त्यो उतरू शकत न्हाई."

ती रागावली नाही. तिनं विचारलं, "घर मागं नसलं तर?"

"नुसती मोटार?" हाशमनं विचार केला. "भीती वाटंल. पर उतरंन."

"आनि घर बैलांनी?"

"बैलांनी, चाकं साखळीनं बांधून, मागं ओंडका जोडून. गाड्या अशाच उतरवतात. दिवस जाईल. पर ते बी हलकं पायजे. एवढं जड न्हाई चालायचं."

संध्याकाळी शेट भडकले. घाटात बैल लावायचे तर मोटारीचं घर कशाला केलं, लोक काय म्हणतील, आणि हाशमनं आधी तोंड का उघडलं नाही? शेवटचा प्रश्न बरोबर होता. आतून रुद्राणीअक्का म्हणाली, "तुमची वाचायची खोली आनि आरशाचं कपाट काढा. न्हाईतर मी येत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी शेटनी ईरप्पाला बोलावलं.

ईरप्पानं घर कापून सहा फुटांनी आखूड केलं. निघायला होळी उलटून गेली; मोडतोड झालीच तर असावा म्हणून ईरप्पाही बरोबर निघाला.

आंबा घाटाच्या माथ्यावर ते सकाळी पोहोचले. खाली धुकं होतं, त्यामुळं दरी किती खोल ते दिसत नव्हतं, आणि न दिसणं हाशमला जास्तच वाईट वाटलं. घर तिथंच, भाड्यानं ठरवलेल्या बैलवाल्यांपाशी सोडलं. त्यानं शेटना आणि अक्काला मोटारीत बसवलं, मागच्या चाकाला लावायला दगड घेऊन ईरप्पाला फूटबोर्डवर उभं केलं आणि पहिल्या गिअरमध्ये निघाला. पायातलं बळ गेलंच. त्यानं पायाकडं लक्ष द्यायचं सोडून दिलं. प्रत्येक वळणाआधी तो थांबायचा, खाली उतरून पुढं चालत जाऊन वळण बघून यायचा, मग परत येऊन बसायचा. मागून आलेली एक लॉरी बराच वेळ भोंगा वाजवत राहिली. शेटनी दाराची कडी इतकी घट्ट धरली होती की खाली आल्यावर त्यांची बोटं सरळ होईनात.

मग हाशम तसाच चालत घाट चढून वर गेला आणि बैलांबरोबर घर घेऊन उतरला. चाकं बांधलेली, मागं जांभळीचा ओंडका घासत. प्रत्येक वळणावर घर दरीकडं झुकायचं आणि हाशम डोळे मिटायचा. मिटून काही उपयोग नव्हता, कारण ओंडक्याचा आवाज ऐकू यायचाच. उन्हं कलली तेव्हा ते पायथ्याला पोहोचले. हाशम रस्त्याच्या कडेला बसकण मारून बसला. बैलवाल्यांनी त्याला पाणी दिलं.

रत्नागिरीत त्यानं पहिल्यांदा समुद्र बघितला. एवढी सपाट जागा त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, पण ती हलत होती, आणि तिच्याकडं फार वेळ बघवेना.

गावाच्या खालच्या अंगाला पहिलीच खाडी लागली. तरवाल्यानं घराभोवती एक फेरी मारली. "जाईल," तो म्हणाला. "याहून मोठं सामान नेलंय." शेटनी हाशमकडं बघितलं. दोन होड्या एकमेकींवर आपटत होत्या, मधल्या फळ्यांतून पाणी वर येत होतं.

"मालक," हाशम म्हणाला, "मला भीती वाटती. मी ह्यावर गाडी चढवनार न्हाई."

तरवाला हसला. शेटनी खिशातून नकाशा काढला, त्यावरची निळी रेघ खालपर्यंत बघितली, मग खाडीकडं बघितलं. पुढच्या सीटवरून रुद्राणीअक्का म्हणाली, "इथनं बी समुद्र दिसतोय की."

ते अलीकडच्याच टेकाडावर राहिले. बेचाळीस दिवस. चाकांखाली हाशमनं दगड लावले होते, आणि ते हललेत का हे तो सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायचा. अक्का दिवसभर दारात बसायची. खोकला गेला नाही, पण जेवण वाढलं, आणि शेवटच्या आठवड्यात ती स्वतःच्या पायांनी खाली वाळूपर्यंत जाऊन आली. पुढं ती पाच वर्षं जगली.

हाशम पुढं भाड्याच्या मोटारीवर गेला आणि म्हातारा होईपर्यंत ड्रायव्हरच राहिला. तुळजापूरची वर्दी आली की आता तो सरळ सांगायचा, "मी घाटाला भितो. हळू नेईन. चालत असंल तर बसा." काही लोक उतरून दुसरी मोटार शोधायला जायचे. बाकीचे बसायचे.