लांबून दिसलेला कोल्हा

आज सकाळी उसाच्या बांधावर एक कोल्हा बसला होता. मागच्या पायाने कराकरा कान खाजवत होता. मला एकदम आबा आठवले.

पूर्वी मी आबांच्या गावात गुरांची डॉक्टर होते. पिसाळलेला कोल्हा दिसला, की लोक आबांना हाक मारत, कारण परवान्याची बंदूक त्यांच्याचकडे होती. माळाच्या या टोकाला पालथे पडून ते पार त्या टोकाचा कोल्हा टिपायचे. मग चपला काढून अनवाणी त्याच्यापाशी जायचे. त्यांच्या मिशांत गवताची कुसळं अडकलेली असायची. मी हातमोजे घालून जनावर तपासायला बसले, की हळूच विचारायचे, "डॉक्टरीणबाई, पिसाळलेलाच हुता न्हवं?"

"होय आबा," मी म्हणत असे. त्याशिवाय त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे.

एकदा आबांनी टिपलेल्या एका कोल्ह्याबद्दल प्रयोगशाळेचा कागद आला. त्या कोल्ह्याला नुसती खरूज होती. खरुजेचा काय नि पिसाळलेला काय, लांबून दोन्ही सारखेच दिसतात. तो कागद मी आबांना कधीच दाखवला नाही. आता आबाही नाहीत.

बांधावरचा कोल्हा उठला आणि सावकाश उसाकडे वळला.

"खरूजच आहे, आबा," मी मोठ्याने म्हणाले. "जाऊ द्या त्याला."