समोरून येणारं उत्तर

“फादर, गाठ बहुतेक साधीच आहे. पण काढावी लागेल,” सर्जन म्हणाले. “आणि आवाजाची नस तिच्या अगदी मागून जाते.”

“नस दुखावली तर?”

“आवाज बसेल. बहुतेकांचा परत येतो.”

त्यांच्या तोंडून ‘बहुतेक’ दोनदा आलं, ते मी मोजलं. धर्मगुरूचा आवाज गेला तर त्याच्याकडे उरतं काय? नुसता पांढरा झगा.

खरं तर झग्याची कॉलर बरेच दिवस घट्ट होत होती. मी इस्त्रीवाल्याला दोष दिला, बटण पुढे लावून घेतलं आणि विषय संपवला. तुम्ही असं करू नका. गळ्यावर सूज दिसली की दाखवून या. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. तिच्यात गाठ झाली की एफएनएसी करतात, म्हणजे बारीक सुईने थोड्या पेशी काढून तपासतात. सुई फार दुखत नाही. रिपोर्टची वाट पाहत बाकावर बसणं दुखतं, कारण तिथे प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी असतं. माझ्या शेजारी माझी पिशवी होती.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो. सिस्टरने नाव विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं.

“व्होकल कॉर्ड पॅरेसिस,” डॉक्टर म्हणाले. स्वरयंत्रातली एक पट्टी अशक्त झाली होती. “नस तुटलेली नाही, ताणली गेली आहे. काही महिने थांबू. तोवर कुजबुजूसुद्धा नका, त्याने जास्त ताण पडतो.”

गाठीत कॅन्सर नव्हता. लोक पेढे घेऊन आले, देवाची कृपा म्हणाले. मी मान हलवत होतो आणि मनातून चिडलो होतो. ज्या देवाची कृपा त्याच देवाने माझी वाचा नेली, हे त्यांना कोण सांगणार? मला तर बोलता येत नव्हतं.

ही चीड समजायला थोडं मागे जावं लागेल. मी वसईचा. नेरूळला येण्याआधी बरीच वर्षं उत्तर जर्मनीतल्या एका खेड्यात होतो. चर्च दगडी, देखणं, आणि थंडीत आठवडाभर रिकामं. मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली सामुदायिक उपासना, हा संवाद असतो. आम्ही धर्मगुरूंनी म्हणायचं, “प्रभू तुमच्याबरोबर असो.” लोकांनी म्हणायचं, “आणि तुमच्याबरोबरही असो.” तिथे दोन्ही मीच म्हणायचो. हात पसरून रिकाम्या बाकांना आशीर्वाद द्यायचा आणि स्वतःच स्वतःला उत्तर द्यायचं. एके दिवशी उत्तर देताना रडू फुटलं. मग मी परत पाठवा म्हणून अर्ज केला.

नेरूळमध्ये तेव्हा चर्च नव्हतं. रविवारची मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. पहिल्याच रविवारी हॉलभर उत्तर आलं आणि मला पुढची प्रार्थना सुचेना. आता तीच माणसं होती, आणि माझा आवाज नव्हता.

पहिल्या बाकावर अँजेलिन मावशी बसायच्या. वसईच्याच, मुलीकडे राहायला आलेल्या, ठार बहिऱ्या. त्या माझे हात पाहायच्या. हात पसरले रे पसरले की माझं वाक्य संपायच्या आत खणखणीत उत्तर. मुलं हसायची. मीही एकदा कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

सुरुवातीला माझ्या फ्लॅटवर बरेच जण यायचे. पण एकट्यानेच बोलायचा माणसाला कंटाळा येतो. हळूहळू येणं कमी झालं. शेजारच्या पवार वहिनी डबा देऊन जायच्या. मावशी मात्र यायच्या, खिडकीपाशी बसून भाजी निवडायच्या.

“तुमी बोलत नाय, मला आयकू येत नाय,” एकदा म्हणाल्या. “आपलं भांडन व्हनार कसं?”

आजारपणात मी पहिल्यांदा हसलो. आवाजाशिवाय.

महिने गेले. स्पीच थेरपी, म्हणजे आवाजाचे व्यायाम, सुरू झाले. आवाज कधी यायचा, कधी नुसता वारा. आमचे वरिष्ठ, बिशपस्वामी, येऊन गेले. “तुमच्या जागी दुसरे फादर पाठवतो,” ते मायेने म्हणाले. “तुम्ही जर्मनीला जा. तिथे चर्चच्या एका ग्रंथालयात काम आहे, बोलावं लागत नाही.” मी पाटीवर लिहिलं, ‘एक रविवार द्या.’

तो रविवार आला. हॉल भरला होता. मी वेदीपाशी उभा राहिलो, हात पसरले आणि तोंड उघडलं. माईकमधून फुस्स असा वारा बाहेर पडला. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी वाराही नाही. लोकांनी माना खाली घातल्या. संपलं, आता ते ग्रंथालय, असं मला वाटलं. हात तसेच पसरलेले राहिले.

“आणि तुमच्याबरोबरही असो!”

मावशी. त्यांनी हात पाहिले होते, बाकी त्यांना काय ठाऊक? मग मागच्या बाकांवरून एक आवाज आला, मग चार, मग सगळा हॉल. पुढची सगळी मिस्सा मी ओठांनी आणि हातांनी केली. एकही उत्तर चुकलं नाही.

त्या दुपारी बिशपस्वामींना लिहून कळवलं: प्रवचनाला दुसरे फादर पाठवा, मी मात्र इथेच राहतो. त्यांनी मानलं. पुढे अर्धामुर्धा आवाज परत आला. तो घोगरा आहे, पण मला पुरतो.

त्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी दारात उभा होतो. मावशींनी माझे दोन्ही हात धरले. चेहरा आनंदाने फुलला होता.

“बघा, आला ना आवाज!” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, हो.