नऊ तालमींचा लेनर्ट

पद्मिनीकाकूंचं माहेर कोल्हापूरचं, तेही पेठेतलं. तिथे फुटबॉलचा संघ तालमीचा, आणि तालीम माणसाला जन्मानेच मिळते. ती सोडून दुसरीकडून खेळणाऱ्याला गल्लीत कुणी चहासुद्धा विचारत नाही. श्रीरामकाकांच्या नोकरीपायी काकूंचा निम्मा जन्म अमेरिकेतल्या कॅरी गावात गेला, पण हा कायदा डोक्यातून गेला नाही.

गावातल्या छोट्या क्लबने खेळाडूंना राहायला घरं मागितली, तेव्हा वरची खोली द्यायला काकूच सगळ्यांत पुढे. आला तो लेनर्ट, मैदानाच्या कडेने चढाई करणारा बेल्जियमचा विंगर. वय बत्तीस, करार एका सीझनचा.

पहिल्याच जेवणाला काकूंनी इंग्रजीत विचारलं, "आधी कुठे खेळलास?"

तो सांगत गेला. बेल्जियममधले क्लब, मग हॉलंड, हंगेरी, सायप्रस. काकू बोटांवर मोजत होत्या. कॅरी नववं निघालं.

"नऊ तालमी!" स्वयंपाकघरात त्या काकांवरच कडाडल्या. "हा खेळाडू आहे की एसटी? दिसला स्टॉप की थांबला!"

त्याला पोटभर वाढण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही, पण मॅचला मात्र फिरकल्या नाहीत. तसं बघण्यासारखं काही नव्हतंही. बॉल पायात आला की लेनर्ट मुकाट्याने मागे पास द्यायचा. अखेर क्लबने सांगून टाकलं, शेवटच्या मॅचनंतर ठरवू, तुला ठेवायचं की नाही. या वयात नवा क्लब मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मॅचच्या आदल्या सकाळी पोहे वाढताना काकूंना राहवेना. "एवढे क्लब का सोडलेस रे?"

"मी एकही सोडला नाही, काकू," लेनर्ट म्हणाला. "पहिल्याने विकलं. दुसऱ्याने उसनं दिलं. हंगेरीत प्रॅक्टिसला गेलो, तर माझा शर्ट दुसऱ्याच्या अंगात. आता बॉल पायात आला की वाटतं, हा गमावला तर इथूनही जावं लागणार."

काकूंना आधी स्वतःची लाज वाटली, मग भयंकर राग आला. कुणाचा, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्यांनी थेट गावातल्या मराठी मंडळाच्या यतीनला फोन लावला. "उद्याचं पॉटलक जेवण कॅन्सल कर. सगळे ग्राउंडवर. आणि गणपतीचे ताशे घेऊन ये."

"काकू, यार, ताशे अलाउड आहेत का तिथे?"

"तू आण. अलाउड मी करते."

दुसऱ्या दिवशी डाव्या कडेला ताशा असा कडकडला की अमेरिकन प्रेक्षक खुर्च्या वळवून बघू लागले. मॅच बरोबरीत अडकली होती. शेवटच्या काही मिनिटांत लेनर्टकडे बॉल आला आणि सवयीने त्याने मान मागे वळवली.

"मागं काय बघतोस? घूस आत!" काकू कोल्हापुरी गळ्याने गरजल्या. त्याला मराठी कुठलं यायला! पण काकूंचा हात कुठे दाखवतोय ते दिसत होतं. तो घुसला. एकाला चकवलं, दुसऱ्याला खांदा दिला, आणि उजव्या पायाने बॉल लांबच्या खांबाला घासून जाळ्यात! मंडळाने ग्राउंड डोक्यावर घेतलं. यतीनने ताशाची काडी मोडली.

शिट्टी झाल्यावर मॅनेजर मैदानातच आला. "दोन वर्षांचा करार देतोय. राहायचंय का तुला इथे?"

लेनर्ट गवतावर खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनी थोडा वेळ रडू दिलं. मग मॅनेजर घड्याळाकडे बघतोय हे दिसताच कठड्यावरून वाकून ओरडल्या, "अरे, येस म्हण की त्याला!"