ठिपक्यांची बाजू

मी आरंभशूर आहे, यावर आमच्या घरात दुमत नाही. निवृत्त झाल्यावर मी बासरी आणली. ती सध्या माळ्यावरची पिशवी पुढे ओढायच्या कामी येते. मग कुंड्या आणल्या. त्या शेजाऱ्यांकडे आहेत आणि तिथे त्यांना फुलंही येतात. त्यामुळे कातड्यावरचं कोरीवकाम शिकायला जातो म्हटल्यावर बायको एवढंच म्हणाली, "जा. पण अर्धवट वस्तू ठेवायला कपाटात जागा उरलेली नाही, हे आधीच सांगते."

मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढला. तिथे माझ्या हातून अर्धवट काम कधी दाराबाहेर गेलं नाही. पण पोलाद भांडखोर असतं, त्याच्याशी रोज हुज्जत घालावी लागते. कातड्याचं तसं नाही. कमावलेलं जाड कातडं ओल्या फडक्याने पुसायचं, त्याचा मूळ रंग परत यायला लागेपर्यंत थांबायचं, आणि मग नखाने रेघ ओढली तरी ती उमटते. वाळली की कायमची राहते. पहिल्या दिवशी घरी येऊन मी हे सांगत होतो तेव्हा माझा आवाज चढला होता म्हणे. कोणीतरी आपलं इतकं निमूटपणे ऐकतंय याचीच मला सवय नव्हती.

वर्गात सगळे मोर नाहीतर गुलाब कोरत होते. मला चित्रकला येत नाही, त्यामुळे मोराचं बदक झालं असतं. मी घरी रांगोळीचा डबा उघडला आणि बायकोचा ठिपक्यांचा कागद काढला. हा कागद ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाड कागदावर सारख्या अंतरावर खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवर पेटती उदबत्ती टेकवायची, म्हणजे बारीक गोल भोकं पडतात. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके तयार. मग ते जोडत जायचं. हा कागद तिने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत स्वतः केला होता, आणि पुढच्या प्रत्येक दिवाळीला आमच्या दारात त्याच ठिपक्यांतून वेगळं काहीतरी उगवायचं. मी तो कागद ओल्या कातड्यावर ठेवला आणि प्रत्येक भोकातून टोच्या दाबला. मग तिच्या एका रांगोळीचा फोटो समोर ठेवून कमळं आणि वेल कोरायला घेतले.

डावी बाजू झाली. पाकळ्यांच्या कडा ठोकून उठवल्या, मधली मोकळी जागा बारीक ठशांनी खाली बसवली, ठिपके सगळे नक्षीखाली गेले. उजव्या बाजूला फक्त चार रेघा कापून झाल्या आणि माझा उत्साह नेहमीच्या जागी येऊन थांबला. तुकडा कपाटावर गेला.

या सगळ्या काळात बायकोचे डोळे जात होते. काचबिंदू. डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. आम्ही थेंब घातले, शस्त्रक्रिया केली, पण उरलेलीही राहिली नाही. आता तिला खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. रांगोळी बंद झाली, वाचन बंद झालं. पण सकाळी काठी घेऊन एकटीने खाली जाणं तिने सोडलं नव्हतं. आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या फाटकापाशी भाजीवाली बसते. तिच्याशी वाद घालून कोथिंबीर आणायची, वाटेत चार जणींशी बोलायचं, आणि वर येऊन मला सगळ्या इमारतीच्या बातम्या द्यायच्या. मी सोबत येतो म्हटलं की म्हणायची, "तुम्ही आलात की कोणी मोकळेपणाने बोलत नाही."

एक दिवस वर येताना लिफ्ट आमच्या खालच्याच मजल्यावर थांबली. कोणीतरी बटण दाबून जिन्याने निघून गेलं असावं. हिला वाटलं आपला मजला आला. आमच्या इमारतीत सगळे मजले एका साच्यातले आहेत. तेच दार, तीच कडी, दाराबाहेर तशाच चपला. ही त्या दाराला किल्ली लावत राहिली. लागेना, म्हणून जोर करत राहिली. आतून नागपूरकडची एक तरुण मुलगी आली, कुठल्याशा आयटी कंपनीत आहे, स्वभावाने फार चांगली. "काकू, या नं, बसा थोडं," म्हणाली, पाणी दिलं, वर आणून सोडलं. काही वाईट घडलं नव्हतं. पण बायको घरात आली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या घराला किल्ली लावत होते मी. चोरासारखी."

त्यानंतर ती खाली गेली नाही. पाय दुखतात म्हणायची. तिच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

मी उपाय सुचवायला लागलो. दाराला घुंगरू बांधूया. कडीला सुतळी गुंडाळूया. ठळक अक्षरं उठवलेली पाटी करूया, पुण्यात दारावर पाटी लावायला कारण लागत नाही. ती एकेक ऐकून घ्यायची आणि शेवटी एकदाच म्हणाली, "माझ्या दारावर आंधळीची खूण नको आहे मला." भाजी मी आणायला लागलो. बातम्या बंद झाल्या, कारण माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं. घर गप्प होत चाललं होतं आणि त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायला लागली होती.

कपाट आवरताना तो तुकडा खाली आला तो याच दिवसांत. त्याचं काय करावं हे मला कळत नव्हतं. भिंतीवर लावायला अर्धवट, पेटीवर बसवायला जाड, टाकून द्यायला जीव होईना. शेवटी ठरवलं की कापून पेल्यांखाली ठेवायच्या चकत्या करायच्या. कंपासने वर्तुळं मोजून घेतली, खुणा करायच्या आधी पातं आणायला आतल्या खोलीत गेलो, आणि परत आलो तर तुकडा बायकोच्या मांडीवर होता.

तिचा हात डाव्या बाजूवर होता, माझ्या पूर्ण झालेल्या बाजूवर. "हे काय आहे?" तिने विचारलं. "पुष्कळ काहीतरी आहे. खडबडीत." मी म्हटलं, कमळ आहे. ती म्हणाली, "असेल." माझ्या एवढ्या दिवसांच्या ठोकाठोकीवर हा अभिप्राय.

मग हात उजवीकडे सरकला आणि थांबला.

तिने डावा हातही वर आणला. बोटं एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेली, तिथून खालच्या ओळीत, परत वर. चेहरा बदलत गेला. "अहो," ती म्हणाली, "हे माझे ठिपके आहेत."

"तुझ्याच कागदावरून घेतलेत."

"ते मला कशाला सांगता? ही पहिली ओळ जरा वाकडी आहे. तेव्हा उदबत्ती हलली होती माझी."

आणि तिने जोडायला सुरुवात केली. बोटानेच. मी शेजारी बसून पाहत होतो. एका ठिपक्याला वळसा, दोन सोडून तिसऱ्याला गाठ, तिथून कमान. जिथे मी काहीच कोरलं नव्हतं तिथे तिचं बोट कमळ काढत होतं, आणि मला शपथेवर सांगता येईल की ते कमळ मला दिसत होतं. ती एकदाही अडखळली नाही. कमळ झालं, मग त्याच ठिपक्यांतून शंख झाला, मग कासव. "हे आपण पहिल्यांदा इकडे राहायला आलो तेव्हाचं," म्हणाली. "हे धाकटीच्या बारशाचं." डोळे मिटलेले होते, मिटायची गरज नसताना. मी आयुष्यभर धातूवर केसाइतक्या फरकाची मापं घेतली, पण एवढ्याशा कातड्यात एवढं काही मावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हातातलं पातं मी हळूच खिशात टाकलं.

थोड्या वेळाने मी उत्साहाने म्हटलं, "आता पुरं करतो. या महिन्यात नक्की."

"खबरदार," ती म्हणाली. "पुरं केलंत तर मला परकं होईल. तुमची ती बाजू मला कळत नाही. ही कळते."

मग तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे दाराशेजारी लावाल का? हाताला येईल असं."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पहिला विचार काय आला, तर लोक काय म्हणतील. अर्धवट काम, तेही माझं, आणि तेही दर्शनी भिंतीवर! पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "लोकांना शोभेची वस्तू वाटेल. मला घर वाटेल." मी ड्रिल मशीन काढलं.

ठिपक्यांत भरून बसेल म्हणून मेण लावलं नाही, फक्त तेलाचं बोट फिरवलं. तिला बाहेर उभं केलं, हात सहज जिथे टेकला तिथे खूण केली आणि तुकडा स्क्रूने पक्का बसवला. चौथ्या दिवशी तिची थोरली बहीण कसब्यातून आली. दारातच थबकली. "काय गं, तोरणाच्या शेजारी चामडं? आणि तेही अर्धंच? यांनी केलं असणार."

"चपलाही दाराशीच असतात, ताई," बायको म्हणाली. "ये आत."

तरीही ती खाली जाईना. माझ्यासोबत दाराबाहेर येऊन उभी राहायची, ठिपक्यांवरून हात फिरवायची आणि आत यायची. घाई केली तर पाय पुन्हा दुखायला लागतील हे मला कळत होतं.

एका सकाळी मी पेपर वाचत असताना तिने काठी घेतली. "कोथिंबीर संपली आहे," म्हणाली. फ्रिजमध्ये कोथिंबीर होती. मी म्हटलं, "बरं."

ती गेली आणि मी दारामागे जाऊन उभा राहिलो. वेळ जाता जाईना. खाली लिफ्टचं दार वाजलं. वर येत असल्याचा आवाज आला आणि मध्येच बंद पडला. लिफ्ट खालच्याच मजल्यावर थांबली होती. दार उघडलं, काठी फरशीवर टेकली. धावत जावं असं वाटलं. कडीवर हातही ठेवला. मग खालून काहीच ऐकू येईना. किल्लीचा आवाज नाही, बेल नाही, बोलणं नाही. थोड्या वेळाने जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग दुसरी. सावकाश, पण न थांबता. आमच्या मजल्यावर पावलं आली, दारापाशी आली, आणि पलीकडून कातड्यावर तळवा टेकल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. मग बोटांची सरसर. मग किल्ली पहिल्या झटक्यात लागली.

मी मागे सरकलो. ती आत आली, कोथिंबिरीची जुडी माझ्या हातात दिली आणि चप्पल काढत म्हणाली, "आजही खालीच उतरले होते. दाराशेजारी हात लावला, तर भिंत कोरी. म्हटलं, हे आपलं घर नव्हे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायची गरज नाही असं मला वाटत होतं.

"आणि दारामागे उभं राहून एवढ्याने श्वास घ्यायची गरज नाही," ती म्हणाली. "बाहेरपर्यंत ऐकू येतो. उद्यापासून आत खुर्चीत बसायचं."