ऐनवेळचा विषय

आमच्या सोसायटीत गणपतीत पुरुषांची उखाणे स्पर्धा असते. बायकांनी जन्मभर नावं घेतली, आता पुरुषांनी घ्यावीत, असा त्यामागचा पुरोगामी विचार. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. यंदा सातव्या मजल्यावरचे गृहस्थ उठले तेव्हा मंडपात जरा चुळबुळ झाली, कारण त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झालेली. कल्याणच्या बाजारातलं धान्याचं दुकान मुलावर सोपवून ते इथे घोडबंदर रोडला राहायला आलेले. माणूस सज्जन. लिफ्टमध्ये भेटले की तांदूळ कुठला घ्यावा ते सांगणार. त्यांनी माईक घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले,

"लिफ्ट गेली वर, जिना राहिला खाली,
अमुकचं नाव घेतो, सोबतीची वेळ आली."

अमुकच्या जागी माझं नाव होतं.

मी विधवा आहे. ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते, आता निवृत्त आहे. नवरा गेल्यापासून माझं नाव ताई, काकू, मॅडम असं काहीही न जोडता कोणी घेतलं नव्हतं. ते एकदम लाऊडस्पीकरवर ऐकू आलं. बरं, उखाणा ही काही विचारायची जागा नव्हे. उखाण्यात नाव आलं म्हणजे लग्न झालेलंच असतं, ही आपल्याकडची समजूत. त्यामुळे मला कोणी काही विचारलंच नाही, सरळ टाळ्या पडल्या. कुठे बघावं कळेना म्हणून मी हसले. त्या हसण्याचा फोटो आरती व्हायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली लाल बदामांची रांग लागली. कुकरही त्यांनाच मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून लोक अभिनंदनाला येऊ लागले. मी प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं. "लाजू नका हो," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "वेळ घ्या, घाई नाही." तिसरी सोबत चार जणींना घेऊन आली आणि चहा पिता पिता म्हणाली, की समाजाला अजिबात भिऊ नका. समाज माझ्याच सोफ्यावर बसून मला हे सांगत होता.

अध्यक्ष मूळचे इथलेच. आमचे टॉवर उभे आहेत ती त्यांच्या वडिलांची भातशेती, त्यामुळे निवडणुकीला कोणीही उभं राहिलं तरी अध्यक्ष तेच होतात. त्यांनी मला गेटपाशी गाठलं. "काकू, कोनाला घाबराचा नाय. आमी हाव ना. हलद माझ्या बंगल्यावर, डीजे माझा."

डोंबिवलीला दिलेल्या मुलीचा फोन आला. "आई, माझी काही हरकत नाही. सासरी पण बोलून घेतलं. त्यांचीही नाही."

"आणि माझी आहे का, ते विचारलंस?"

"तुझी कशाला असेल?"

आता माझी हरकत काय ते सांगते. नवरा चांगला होता आणि त्याची आठवण येते. पण मी संध्याकाळी सातला दहीभात खाऊन स्वयंपाकघराचा दिवा बंद करते. पंखा मला हवा तेवढा फिरतो. पलंगावर मी तिरकी झोपते. चाळीसेक वर्षं दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्यावर हे मला मिळालंय, आणि मला ते कोणालाही द्यायचं नाही. पुन्हा लग्न करणारी विधवा आताशा लोकांना चालते, कौतुकसुद्धा होतं. एकटी मजेत असलेली मात्र कोणाच्या पचनी पडत नाही.

शेवटी मी सातव्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनाच गाठलं. ते बागेतल्या बाकावर बसले होते.

"हे तुम्ही मला लिफ्टमध्ये विचारू शकला असतात," मी म्हटलं.

"लिफ्टमध्ये विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक होतं."

ते चपलांकडे बघत प्रामाणिकपणे म्हणाले, "चारचौघांत माणूस नाही म्हणायला कचरतो. वाटलं, जमून जाईल. घरात बोलायला कोणी नसतं हो."

मला संताप आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम. म्हटलं, "माझं उत्तर नाही असं आहे. ग्रुपवर तसं सांगून टाका."

"मी कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले.

मग मलाच सांगणं भाग होतं. आणि कोर्टात एवढी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे, की रेकॉर्डवर आलं नाही ते घडलंच नाही.

महिनाअखेर सोसायटीची वार्षिक सभा झाली. हिशेब, गळती, टँकर, पार्किंग. प्रत्येक ठरावाला एक सूचक, एक अनुमोदक, मग सेक्रेटरी म्हणणार, मंजूर. शेवटचा विषय नेहमीचा: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. तोवर लोक समोशांकडे बघायला लागलेले असतात. मी उभी राहिले.

"गणपतीत माझं नाव घेऊन एक उखाणा झाला. त्याला माझं उत्तर नाही असं आहे. इतिवृत्तात नोंद करावी, आणि यापुढे ह्या विषयावर माझं अभिनंदन करू नये, असा ठराव मी मांडते."

सेक्रेटरी आयटीतला, तरुण. "मॅडम, हे पर्सनल आहे ना? इथे कसं घेणार?"

"मंडपात झालं तेव्हा पर्सनल नव्हतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "लिव रे," ते सेक्रेटरीला म्हणाले.

मागून एक बाई म्हणाल्या, "पण कारण काय? माणूस तर चांगला आहे."

"माणूस चांगलाच आहे. मला एकटीला राहायला आवडतं. मी मजेत आहे."

मी समोरची खुर्ची धरून ठेवली. सेक्रेटरीने लिहिलं आणि सवयीने विचारलं, "अनुमोदक?"

टँकरच्या ठरावाला दहा-बारा हात वर आले होते. आता एकही नव्हता. माझ्या सोफ्यावर चहा प्यायलेल्या बायका मोबाईल बघत होत्या. इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं एवढं एकटं मला त्या हॉलमध्ये वाटलं.

"अनुमोदक नसेल तर ठराव पडतो, मॅडम," सेक्रेटरी हळूच म्हणाला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. सगळ्यांनी वळून पाहिलं. सातव्या मजल्यावरचे ते गृहस्थ उभे होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि हात वर.

"अनुमोदन," ते म्हणाले. नंतर, नियमाप्रमाणे सांगावा लागतो म्हणून, त्यांनी आपला फ्लॅट नंबर सांगितला.