न झिजणारा टायर

१९ फेब्रुवारी २०२४. टोकियोच्या पूर्व टोकाला, हिगाशी-कसाईतल्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावर, चार जीव: बाळ, बाळंतीण, बाळाचे वडील आणि बाळाला न्हाऊ घालायला आलेल्या जयमालाबाई. दोन नद्या ओलांडून कावासाकीत, जयमालाबाईंच्या घरी, एक.

न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसलेल्या जयमालाबाईंच्या पायांवर बाळ पालथे होते. डावा हात त्याच्या छातीखाली होता. उजव्या हाताने तांब्या उचलून पाण्याची धार पाठीवर धरायची, एवढेच उरले होते. तांब्या घंगाळातून वर आला, खांद्याच्या खाली थोडा अडला आणि परत पाण्यात गेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही.

"प्रथमेश, जरा इकडे या. तांब्या धरा."

बाळाचे वडील दारात फोन हातात घेऊन उभे होते. त्यांचे ऑफिसचे कॉल घरूनच चालत. "मी? मावशी, मला नाही जमणार."

"तुम्ही त्याचे वडील आहात. पाणी ओतायला डिग्री लागत नाही."

"कोमट आहे ना पण?"

"आधी स्वतःच्या मनगटावर ओता. मग त्याच्या. चेहऱ्यावर नको."

प्रथमेशने पाणी ओतले. बाळ रडले आणि गप्प झाले. आतल्या खोलीतून सलोनीने, म्हणजे बाळंतिणीने, विचारले, "मावशी, हात दुखतोय का तुमचा?"

"नाही गं. वडिलांना कामाला लावलंय."

सलोनी हसली. जयमालाबाई हसल्या नाहीत. तांब्या निसटला तर तो घंगाळात पडतो. हातातून दुसरे काही निसटले तर काय, हा विचार त्यांच्या मनात त्या सकाळी पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत आला.

परदेशातल्या पहिल्या बाळंतपणाला भारतातून आई येते, असा सर्वांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात एखादीचा व्हिसा वेळेत होत नाही, एखादीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन निघते, एखादी येते आणि थंडीने स्वतःच अंथरूण धरते. या पोकळीत जयमालाबाईंचे काम उभे राहिले. त्या अंगाला तेल लावतात, बाळाला न्हाऊ घालतात, शेपा भाजतात, डिंकाचे लाडू वळतात. सगळी घरे त्यांना मावशी म्हणतात. त्यात खोटेपणा नाही, जिव्हाळाच आहे. पण एखाद्या बाईला मावशी म्हटले की ती दमते का, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. कामगार दमतो. मावशी दमत नाही.

सुरुवातीला दुसऱ्या एका घरी त्यांनी न्हाणे झाल्यावर बाळाला ओव्याची धुरीही दिली होती. छतातली आगीची घंटा वाजली, पाठोपाठ सबंध इमारतीची वाजली, आणि चप्पल-स्वेटर घालून सहा मजल्यांची माणसे खाली फुटपाथवर शिस्तीने उभी राहिली. संध्याकाळी जयमालाबाई बिस्किटांचे पुडे घेऊन दारोदार क्षमा मागत फिरल्या. तेव्हापासून ओवा तव्यावर कोमट करून कापडाच्या पुरचुंडीत बांधतात आणि छाती शेकतात.

पाट, घंगाळ, वाफेचे पातेले, तेलाच्या बाटल्या, पिठाचे डबे हे सारे रोज ट्रेनमधून नेता येत नाही. मोटार घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे असे आधी सिद्ध करावे लागते, आणि त्यांच्या इमारतीत जागा आहे ती फक्त दुचाकीपुरती. म्हणून अडीचशे सीसीची एक बुटकी मोटरसायकल आणि तिच्यामागे जोडलेला दोन चाकांचा, झाकणाचा अल्युमिनियमचा ट्रेलर. दोन्ही त्यांच्या यजमानांची, गुणवंतांची.

गुणवंत कावासाकीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पंचवीस वर्षे होते. निवृत्तीनंतर दोघांनी होक्काइदोला जायचे, ट्रेलरमध्ये तंबू आणि शेगडी घ्यायची, असे त्यांनी ठरवले होते. ट्रेलर त्यांनी स्वतः जुळवला. ओझ्याने मागचा टायर लवकर झिजेल म्हणून २०२० च्या वसंतात मागच्या चाकावर मोटारीचा टायर चढवला. कोणतेही दुकान असा टायर बसवून देईना. तोही त्यांनी एका मित्राच्या मदतीने स्वतःच बसवला. त्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा राहिली, बुद्धी राहिली, उजवी बाजू गेली.

जयमालाबाई कऱ्हाडच्या. वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांची मोटरसायकल त्या कॉलेजात असताना चालवत. त्या आधारावर पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी जपानी परवाना काढला. प्रशिक्षण शाळेत आडवी पडलेली मोटरसायकल एकटीने उभी करून दाखवावी लागते. ती त्यांनी उभी केली.

टायरचा दोष त्यांना पहिल्या आठवड्यात कळला. मोटरसायकलच्या टायरची पाठ गोल असते, म्हणून वळण आले की ती आपसूक कलते. मोटारीच्या टायरची पाठ सपाट. तो कलायला नाखूश असतो. मागून ट्रेलरचे वजन असले की आणखीच. वळण संपेपर्यंत हँडल ढकलून धरावे लागते, नाहीतर गाडी सरळ होते आणि सरळ जाते. कावासाकी ते हिगाशी-कसाई या वाटेवर वळणे पुष्कळ आहेत, आणि परत येताना तीच असतात.

टायर बदलायला त्यांना कोणी मना केले नव्हते. पण झटक्यानंतर घरातला एकेक निर्णय त्यांच्याकडे आला होता: बँक, औषधे, वॉर्डाच्या कचेरीतले कागद, नागोयाला नोकरी करणाऱ्या मुलाशी, पार्थशी बोलणे. गुणवंतांकडे उरला होता तो टायर. रोज संध्याकाळी ते विचारत, "हवा बघितलीस? मागच्याला जास्त लागते," आणि या एका प्रश्नापुरते ते घराचे कर्ते असत. त्यांच्या हातून तेही काढून घ्यायचे जयमालाबाईंना धाडस झाले नाही. त्यांनी वेगळा मार्ग धरला. टायर झिजून जाईल याची त्या वाट बघत राहिल्या. झिजला की बदलणे भागच असते. त्यात कोणाचा निर्णय मोडत नाही.

मोटारीचा टायर झिजत नाही. म्हणूनच तो बसवला होता.

त्या दिवशी परतताना तामा नदीच्या पुलावर मागचे चाक मऊ पडले. पूल उतरून त्यांनी मोटरसायकल मोरिता-सानच्या गॅरेजपर्यंत हळूहळू आणली. मोरिता-सान सत्तरीचे, एकट्याने दुकान चालवणारे. या टायरविषयीचे आपले मत त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते: आपण असला टायर बसवणार नाही, पंक्चर मात्र काढू.

त्यांनी चाक फिरवले. "स्क्रू आहे, जयमाला-सान. चांगला मोठा."

"मग गेला ना?"

मोरिता-सान वर बघत म्हणाले, "आनंद झालेला दिसतो."

"गेला का, ते सांगा."

"नाही. मधोमध घुसलाय. बुजवला की पहिल्यासारखा. नक्षी पाहा, अजून अर्धीसुद्धा गेली नाही. हा तुमच्या नातवंडांना पुरेल." मग ते म्हणाले, "साधा टायर आहे माझ्याकडे, या मापाचा. घालू?"

"घरी विचारते."

"घरी कोण चालवतं?"

"कोणी नाही."

मोरिता-साननी स्क्रू काढला, भोक बुजवले आणि हवा भरली.

घरी गुणवंत खिडकीजवळच्या खुर्चीत होते. "उशीर झाला आज."

"मागच्या टायरात स्क्रू घुसला."

"फुटला?"

"नाही. बुजवून दिला."

गुणवंतांचा चेहरा उजळला. "मी म्हटलं नव्हतं? साधा टायर असता तर पुलावरच बसली असतीस ट्रेलर घेऊन. मोरिता काय म्हणाला? त्याचं तोंड पडलं असेल."

"नातवंडांना पुरेल म्हणाला."

"बघ." ते डाव्या हाताने मांडीवर थाप मारून हसले. कित्येक दिवसांत असे हसले नव्हते. जयमालाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन भाजी गरम केली.

जेवणानंतर गुणवंतांना खुर्चीतून पलंगावर न्यायचे असते. दोन्ही काखांत हात घालायचे, त्यांनी डाव्या पायावर जोर द्यायचा, आणि एका दमात वळायचे. हे तीन वर्षे रोज होत आले होते. त्या संध्याकाळी अर्ध्या वळणात जयमालाबाईंचा उजवा हात सुटला. त्यांनी स्वतःचे अंग खाली घातले, त्यामुळे गुणवंतांना लागले नाही. दोघे पलंगाला टेकून जमिनीवर बसून राहिले.

"काय झालं?"

"हात गेला."

"कधीपासून दुखतोय?"

"मोटरसायकल चालवायला लागल्यापासून." एकदा बोलू लागल्यावर त्या थांबल्या नाहीत, पण आवाजही चढवला नाही. "वळण आलं की ती सरळच जायचं म्हणते. ढकलून धरावी लागते. आज सलोनीच्या बाळावर तांब्या उचलता आला नाही मला. तुमच्या टायरमुळे होतं ते, अहो."

गुणवंत समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"ती वळत नाही ते. मी चालवली की सबंध उन्हाळा. माझेही दंड भरून यायचे." मग म्हणाले, "मला वाटलं, तुला सवय झाली असेल. तू काही बोलली नाहीस."

"तुम्ही हवेचं विचारत होतात. रोज."

शेजारच्या घरातली टीव्हीची कुजबुज ऐकू येत होती. शेवटी जयमालाबाईंनी खुर्ची डाव्या हाताने ओढून घेतली, आधी स्वतः तिच्या आधाराने उठल्या, मग गुणवंतांनी डाव्या हाताने पलंगाची कड धरली, आणि सावकाश, थांबत थांबत, ते वर आले. पांघरूण घेतल्यावर ते म्हणाले, "बदल तो."

दुसऱ्या दिवशी मोरिता-साननी गोल पाठीचा टायर बसवला. गॅरेजमधून निघाल्यावर पहिल्याच वळणावर जयमालाबाईंनी सवयीने हँडल ढकलले. इतक्या जोराची आता गरज नव्हती. मोटरसायकल एकदम खाली कलली, ट्रेलर बाहेरच्या बाजूला ओढला गेला, आणि पाय टेकवून त्यांनी ती कशीबशी सावरली. कडेला उभ्या राहून त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. जे काम अंगाला रोज करावे लागले होते त्याचे माप त्यांना त्या क्षणी मिळाले. ते काम चालू असताना मिळाले नव्हते. पुढची वळणे त्यांनी अगदी हलक्या हातांनी घेतली.

जुना टायर वॉर्डाचा कचरा-विभाग घेत नाही. मोरिता-सान ठेवून घ्यायला तयार होते, पण गुणवंतांनी तो घरी मागवला. आता तो गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली आडवा आहे. त्याची नक्षी अर्ध्याहून अधिक शाबूत आहे.

सलोनीच्या बाळाला तेल जयमालाबाई लावतात. पाणी प्रथमेश ओततो, आणि आता त्याला सांगावे लागत नाही. जयमालाबाईंच्या खांद्याचा स्नायू झिजलाय, डॉक्टर म्हणतात. पूर्वीसारखा होईल असे ते म्हणत नाहीत. संध्याकाळी गुणवंत हवेचे विचारत नाहीत. वाट कशी होती, असे विचारतात, आणि जयमालाबाई बरी होती म्हणतात.

टायर बदलला आहे. त्या तीन वर्षांबद्दल जयमालाबाईंजवळ अजून कोणी क्षमा मागितलेली नाही. ते देणे बाकी आहे.